जमिनीखालचं तारण

डिचोली शहराला लागून असलेली लोहखनिजाची खाण पाहायला गेलं, की आधी दिसतात ते डंप. खनिजावरची माती आणि हलक्या प्रतीचा दगड काढून बाहेर रचलेले हे लालसर डोंगर आहेत. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत आणलेले, धूप थांबावी म्हणून ऑस्ट्रेलियन बाभळीने झाकलेले. त्यांच्या आत खड्डा. गोव्यातल्या अनेक खाणींसारखाच हाही भूजलपातळीच्या खाली गेलेला, त्यामुळे पंप चालू आहेत तोवरच ही खाण असते. पंप थांबले की पावसाळ्यागणिक तिचं तळं होत जातं. खनिज निघालं की टिप्परमधून ते पिळगावच्या सारमानस जेटीवर येतं, तिथून बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगाव बंदराकडे जातं. पावसाळ्यात मांडवीचं मुख खवळलेलं असतं, तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरतात. खड्डा, टिप्पर, जेटी, बार्ज आणि जहाज ही एकच साखळी आहे, आणि तिच्या प्रत्येक कडीवर कुणाचं ना कुणाचं कर्ज आहे.

‘देणं’ हा विषय संपादकांनी या अंकासाठी ठेवला, तेव्हा खाण कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाकडे पाहण्यासाठी डिचोलीहून चांगली जागा शोधून सापडली नसती. ही खाण पूर्वी धेंपो समूहाकडे होती. २००९ मध्ये सेसा गोवा कंपनीने धेंपोंचा खाण व्यवसाय १,७५० कोटी रुपयांना विकत घेतला. त्यात खाणपट्टे होते, जेट्या होत्या, बार्ज होते आणि सुमारे सात कोटी टन साठा आणि संभाव्य साठा होता. तीनच वर्षांनी, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आल्यावर, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने गोव्यातलं खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की गोव्यातले खाणपट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते. म्हणजे सेसाने धेंपोंचा व्यवसाय घेतला त्या दिवशी त्यातल्या पट्ट्यांची कायदेशीर मुदत उलटून गेली होती. मग सरकारने पट्ट्यांचं नूतनीकरण केलं, फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं ते नूतनीकरणही रद्द केलं. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झाला. सेसा तोवर वेदांत झाली होती, आणि वेदांतने डिचोलीचा हा ब्लॉक भारतीय खाण ब्युरोच्या दराच्या ६३.५५ टक्के इतकी बोली लावून पुन्हा मिळवला. प्रत्येक टनामागे तेवढा वाटा सरकारला द्यायचा. खड्डा तोच होता, पण त्यासाठी दुसऱ्यांदा किंमत मोजावी लागली.

खाण कंपनीचं कर्ज इतर कंपन्यांच्या कर्जापेक्षा वेगळं का, ते इथे दिसतं. कापडगिरणीला कर्ज देणारी बँक यंत्रं आणि इमारत तारण घेते. गिरणी बुडाली तरी ती जागेवर असतात, विकता येतात. खाणीचं खरं मोल जमिनीखाली आहे आणि आपल्याकडच्या मोठ्या खनिजांच्या व्यवहारात ते कंपनीच्या मालकीचं नसतं. कंपनीकडे असतो तो खणायचा हक्क, ठरावीक मुदतीचा, सरकारने दिलेला आणि न्यायालय काढून घेऊ शकेल असा. बँक वा रोखेधारक पैसे देतात ते या हक्काच्या आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खनिजाला काय भाव येईल याच्या अंदाजाच्या भरवशावर. म्हणून अशा कंपनीवर कर्ज किती, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ते कोणत्या भावाला घेतलं, कंपन्यांच्या साखळीत नेमकं कुठे ठेवलं आणि संकट आलं तेव्हा मुदत कुणाला मिळाली, हे आधी विचारायला हवं. या प्रश्नांची उत्तरं मिळवत गेलं की आकडा आपोआप बोलू लागतो.

साठा आणि मुदत

ताळेबंदात दीर्घ मुदतीचं कर्ज म्हणजे बारा महिन्यांनंतर फेडायचं कर्ज. त्यातला जो हप्ता पुढच्या बारा महिन्यांत येतो तो चालू देण्यांच्या रकान्यात सरकतो. वरवर ही हिशेबनिसाची मांडणी वाटते, पण कर्जकरारातल्या अटींमुळे तिला धार येते. निव्वळ कर्ज हे कामकाजातून मिळणाऱ्या वार्षिक नफ्याच्या अमुक पटीपेक्षा जास्त होता कामा नये, अशी अट बहुतेक करारांत असते. ती मोडली आणि सावकाराने सवलत दिली नाही, तर दहा वर्षांनी द्यायची रक्कम एका रात्रीत आज मागता येणारी रक्कम होते. दीर्घ मुदत ही अशी सशर्त असते.

खाणीत ही अट मोडायला फार काही घडावं लागत नाही. समजा, एक टन खनिज काढून जहाजात भरायला ६० डॉलर लागतात आणि ते १०० डॉलरला विकलं जातं. नफा ४० डॉलर. भाव २० टक्क्यांनी उतरून ८० झाला, तर खर्च जवळपास तेवढाच राहतो आणि नफा निम्म्यावर, २० डॉलरवर येतो. कर्जात एका पैशाची भर पडलेली नसते, पण नफ्याच्या दुप्पट असलेलं कर्ज चौपट झालेलं असतं. आणि २० टक्के हा खनिजांच्या बाजारात मोठा उतार मानलाच जात नाही. २०११ च्या सुरुवातीला टनाला १९० डॉलरच्या घरात गेलेलं लोहखनिज डिसेंबर २०१५ मध्ये ४० डॉलरच्या खाली आलं होतं.

त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट अशी, की भाव उतरला की तारणही आकसतं. खाणीच्या अहवालात ‘साठा’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो जमिनीत असलेल्या सगळ्या खनिजाचा नसतो. ठरावीक भावाला काढून विकणं परवडेल एवढ्याच खनिजाचा असतो. भाव पडला की कडेचा, कमी प्रतीचा भाग साठ्यातून गळतो आणि हिशेबात नुसता दगड उरतो. म्हणजे कर्ज फेडणं जेव्हा सगळ्यात अवघड असतं, नेमक्या तेव्हाच त्या कर्जामागचं तारण कागदावर लहान होतं. गोव्याचं खनिज मुळातच हलक्या प्रतीचं, बरंचसं ५८ टक्के लोहाच्या आतबाहेर. चीनची मागणी उसळलेली असताना ते हातोहात गेलं, २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक निर्यात झाली. पण मंदीत गिऱ्हाईक आधी नाकारतं ते असल्याच खनिजाला.

मग खाणीला कर्ज देऊच नये का? असं म्हणणं चुकीचं ठरेल. भूगर्भ शोधण्यापासून पहिला टन विकला जाईपर्यंत पंधरा-वीस वर्षं सहज जातात. तोवर पैसा आत जात राहतो, बाहेर काहीच येत नाही. एवढा काळ केवळ भागभांडवलावर काढणाऱ्या कंपन्या थोड्या. मंगोलियातल्या ओयू तोल्गोई या तांबे-सोन्याच्या खाणीचं भूमिगत काम वाढवण्यासाठी डिसेंबर २०१५ मध्ये ४.४ अब्ज डॉलरचं प्रकल्पकर्ज उभारलं गेलं. जागतिक बँकेच्या गटातली वित्तसंस्था, युरोपीय विकास बँक आणि व्यापारी बँका त्यात होत्या. कर्जाची मुदत दीर्घ, पण खाणीचं आयुष्य त्याहून कितीतरी जास्त, आणि पैसा त्याच खाणीत उतरणारा. असं कर्ज समजण्यासारखं आहे. मात्र याच खाणीची दुसरी बाजूही आहे. मंगोलिया सरकारचा तिच्यात ३४ टक्के हिस्सा, पण त्या हिश्श्याचे पैसे सरकारने खाण चालवणाऱ्या भागीदाराकडूनच उसने घेतले होते. लाभांश येण्याआधी व्याज साचत गेलं. शेवटी या भागीदाराने, म्हणजे रिओ टिंटोच्या बाजूने, सुमारे २.४ अब्ज डॉलरचं ते देणं माफ केल्यावरच २०२२ च्या सुरुवातीला भूमिगत उत्पादनाचं काम पुढे सरकलं. खाण एकच, तिच्यातलं एक कर्ज तिच्या आयुष्याशी जुळलेलं होतं आणि दुसरं कधी फिटणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तेजीतल्या खरेद्या

खाण कंपन्या बुडतात त्या सहसा खाण खणण्यासाठी घेतलेल्या कर्जाने बुडत नाहीत. दुसऱ्याची खाण विकत घेण्यासाठी घेतलेल्या कर्जाने बुडतात. याचा सर्वांत लख्ख पुरावा अमेरिकेतल्या कोळसा उद्योगात आहे. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला पूर आला, खाणी पाण्याखाली गेल्या आणि पोलाद बनवायला लागणाऱ्या कोकिंग कोळशाचा तिमाही करारभाव टनाला ३३० डॉलरवर पोचला. त्याच एका वर्षात अल्फा नॅचरल रिसोर्सेसने मॅसी एनर्जी ७.१ अब्ज डॉलरना घेतली, आर्च कोलने इंटरनॅशनल कोल ग्रुप ३.४ अब्जांना, वॉल्टर एनर्जीने कॅनडातली वेस्टर्न कोल ३.३ अब्जांना, आणि पीबॉडीने ऑस्ट्रेलियातली मॅकार्थर कोल सुमारे पाच अब्जांना. सगळ्यांचा हिशेब एकच होता: चीन पोलाद बनवत राहणार, कोकिंग कोळसा महागच राहणार. २०१६ च्या सुरुवातीला तोच करारभाव ८१ डॉलर होता. वॉल्टर जुलै २०१५ मध्ये, अल्फा ऑगस्टमध्ये, आर्च जानेवारी २०१६ मध्ये आणि पीबॉडी त्याच वर्षी १३ एप्रिलला दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. शेल वायूची स्पर्धा होती, पर्यावरणाचे नियम होते, हे खरं. पण ते सगळ्याच कोळसा कंपन्यांना होते. या चौघींना जोडणारा धागा २०११ च्या खरेद्यांचा आहे.

हे मूर्खपणाचं काम नव्हतं, आणि म्हणूनच ते पुन्हा पुन्हा घडतं. तेजीत कंपनीचा नफा फुगलेला असतो, त्यामुळे कर्ज नफ्याच्या पटीत लहान दिसतं. बँका रांगेत उभ्या असतात. व्याजदर उतरलेला असतो. आणि साठा तर वर्षागणिक खणून संपत असतो, तो भरून काढला नाही तर कंपनीच आटत जाते. या सगळ्याचा जोर एकाच दिशेला असतो: आत्ता घ्या. मंदीत खाणी स्वस्त मिळतात, पण तेव्हा उसने द्यायला कुणी तयार नसतं. रिओ टिंटोसारख्या जुन्या, जाणत्या कंपनीने २००७ मध्ये अ‍ॅल्कन ही अ‍ॅल्युमिनियम कंपनी ३८ अब्ज डॉलरना घेतली आणि दोनच वर्षांत तिला कर्ज उतरवण्यासाठी भागधारकांपुढे हात पसरावे लागले.

आपल्याकडचं उदाहरण पुन्हा सेसाकडे नेतं. अनिल अगरवाल यांच्या वेदांत समूहाने २००७ मध्ये जपानच्या मित्सुईकडून सेसा गोवातला ५१ टक्के हिस्सा ९८ कोटी डॉलरना घेतला. तेव्हा सेसा नगदी नफ्यात चालणारी, कर्ज फारसं नसलेली लोहखनिज कंपनी होती. २०११ अखेर समूहाने राजस्थानातली तेलक्षेत्रं चालवणाऱ्या केर्न इंडियातला ५८.५ टक्के हिस्सा ८.६७ अब्ज डॉलरना मिळवला. खनिज तेल तेव्हा पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं. जानेवारी २०१६ मध्ये ते ३० डॉलरच्या खाली आलेलं होतं. खरेदीचा बराच भार लंडनमधल्या मूळ कंपनीने कर्जावर पेलला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये समूहाने सेसा गोवा आणि आपलीच दुसरी कंपनी स्टरलाइट यांच्या विलीनीकरणाची योजना मांडली, आणि तिचाच भाग म्हणून मूळ कंपनीकडचा केर्नमधला ३८.८ टक्के हिस्सा, त्याच्यावरच्या सुमारे ५.९ अब्ज डॉलर कर्जासह, भारतातल्या नव्या कंपनीकडे देण्याचं ठरवलं. योजना पूर्णत्वाला जाऊन ऑगस्ट २०१३ मध्ये सेसा स्टरलाइट उभी राहिली, तेव्हा सेसाच्या गोव्यातल्या खाणी बंद पडून वर्ष होत आलं होतं.

यात बेकायदा काही नव्हतं. भागधारकांनी मतदान केलं, न्यायालयांनी मान्यता दिली, आणि ज्यांच्यावर कर्ज आलं त्यांना तेलाचा हिस्साही मिळाला. तरीही कर्ज घेतलेल्या जागेहून कर्ज फेडण्याची जागा किती दूर जाऊ शकते, हे या व्यवहाराइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं. डिचोलीच्या खड्ड्याभोवती राहणाऱ्या माणसाला राजस्थानातल्या बाडमेरच्या तेलविहिरींशी काही घेणंदेणं नव्हतं, पण एकाच ताळेबंदाने दोघांना बांधलं.

शंभरातले चव्वेचाळीस

समूहाच्या रचनेत कर्ज वर असतं आणि खनिज खाली. सगळ्यात वर मूळ कंपनी वेदांत रिसोर्सेस. तिच्याकडे प्रामुख्याने आहेत ते भारतातल्या वेदांत लिमिटेडचे शेअर. वेदांत लिमिटेडकडे हिंदुस्तान झिंकचे शेअर, २०२३ मध्ये ६४.९२ टक्के. हिंदुस्तान झिंककडे राजस्थानातल्या खाणी, त्यात भिलवाडा जिल्ह्यातली रामपुरा आगुचा ही जगातल्या मोठ्या जस्तखाणींपैकी एक. वरच्या कंपनीला व्याज भरायचं तर रामपुरा आगुचातून निघालेला पैसा लाभांशाच्या पायऱ्या चढून वर न्यावा लागतो, आणि प्रत्येक पायरीवर तो वाटला जातो.

२०२३ मधल्या हिश्श्यांनी हिशेब करून पाहू. झिंकने १०० रुपये लाभांश दिला, तर त्यातले सुमारे ६५ वेदांत लिमिटेडला मिळतात. साडेएकोणतीस रुपये केंद्र सरकारला जातात, कारण २००२ च्या निर्गुंतवणुकीनंतरही सरकारचा २९.५४ टक्के हिस्सा उरला होता. बाकीचे इतर भागधारकांना. वेदांतने ते ६५ रुपये तसेच पुढे वाटले, तर प्रवर्तकांचा हिस्सा तेव्हा ६८ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे वर पोचतात ते ४४ रुपये. म्हणजे वर एक रुपया फेडायला खाली सव्वादोन रुपये काढावे लागतात. २०२२-२३ मध्ये हिंदुस्तान झिंकने शेअरमागे ७५.५० रुपये, एकूण सुमारे ३१,९०० कोटी रुपये लाभांश वाटला. त्या वर्षीचा तिचा नफा होता सुमारे १०,५०० कोटी. रोख शिलकीसाठी ओळखली जाणारी ही कंपनी मार्च २०२३ अखेर ११ हजार कोटींहून अधिक कर्ज ताळेबंदात घेऊन उभी होती. वरच्या कंपनीचं कर्ज त्या काळात खरंच घटलं. त्या कर्जाचा काही भार मात्र पायऱ्या उतरून खाली आला होता.

याला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की लाभांश सगळ्यांनाच मिळतो, सरकारला तर त्या एका वर्षात नऊ हजार कोटींहून अधिक मिळाले, मग तक्रार कसली? दुसरा असा, की खाणीचं काम थांबलं नाही, त्या वर्षी झिंकचं खनन विक्रमी होतं. हे दोन्ही मान्य करूनही प्रश्न उरतो तो निर्णयाचा. नफ्याच्या तिप्पट लाभांश द्यावा ही गरज खाणीची होती का? खाण जितकी खोल जाते तितका प्रत्येक टन महाग होत जातो. रामपुरा आगुचाचा उघडा खड्डा संपून काम आता पूर्णपणे भूमिगत झालं आहे. बोगदे, लिफ्ट, हवा खेळती ठेवणं, पाणी उपसणं या सगळ्याला मंदीतही पैसा लागतो आणि तेजीतली शिल्लक त्यासाठीच असते. खाणीची गरज आणि वरच्या कंपनीची गरज यांतला फरक सरकारलाही कळत होता. जानेवारी २०२३ मध्ये झिंकने समूहाच्याच आफ्रिकेतल्या जस्तखाणी २.९८ अब्ज डॉलरना घ्याव्यात असा प्रस्ताव आला, तेव्हा आनंदाने लाभांश घेणाऱ्या सरकारने त्याला ठाम विरोध केला आणि तो व्यवहार बारगळला. लाभांशात सरकारला हिस्सा मिळत होता. या खरेदीतला पैसा मात्र थेट वरच्या बाजूला गेला असता. सरकारचा विरोध रास्त होता, पण त्याचं कारण खाणीची काळजी हे होतं की स्वतःचा वाटा, हे विचारायला हवं.

मुदत कुणाला मिळते

जानेवारी २०२४ मध्ये वेदांत रिसोर्सेसने रोखेधारकांशी वाटाघाटी करून सुमारे ३.२ अब्ज डॉलरच्या रोख्यांची फेररचना केली. काही रक्कम लगेच दिली, बाकीची २०२७ आणि २०२८ वर ढकलली, आणि त्या बदल्यात १३.८७५ टक्के व्याज कबूल केलं, तेही डॉलरमध्ये. एस अँड पी या पतमापन संस्थेने ही फेररचना निवडक कसूर (सिलेक्टिव्ह डिफॉल्ट) मानली आणि थोड्याच दिवसांत दर्जा पुन्हा वर नेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीला २०२९ मध्ये फेडायचे ९० कोटी डॉलरचे नवे रोखे १०.८७५ टक्क्यांनी विकता आले. महाग मुदत घेतली, तग धरला, मग स्वस्त मुदत मिळवली. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर ही कसबी कामगिरी आहे आणि तिने पैसे बुडवले असं कुणी म्हणू शकत नाही.

गोव्यात खाणी बंद झाल्या तेव्हा टिप्परवाल्यांचं काय झालं, ते याच्या शेजारी ठेवून पाहावं. चीनची मागणी होती त्या वर्षांत डिचोली, सत्तरी, सांगे, केपे तालुक्यांतल्या माणसांनी बँकांकडून आणि सहकारी पतसंस्थांकडून कर्ज काढून ट्रक घेतले. काहींच्या शेतात खाणीची माती आली होती, शेती जवळजवळ सुटली होती आणि ट्रक हेच उपजीविकेचं साधन उरलं होतं. बार्जमालकांचं कर्ज याहून मोठं होतं. सप्टेंबर २०१२ मध्ये काम थांबलं. बँकेच्या नियमाप्रमाणे नव्वद दिवस हप्ता चुकला की खातं थकीत. ट्रकवाल्याला १३ टक्के देऊन चार वर्षं विकत घेता येत नव्हती. त्याच्याकडे एकच ट्रक, आणि शेजारच्या प्रत्येकाचा ट्रकही विकायलाच काढलेला, म्हणजे तारणाचा भावही पडलेला. राज्य सरकारने खाणअवलंबितांना आर्थिक मदत दिली, २०१४ मध्ये कर्जदारांसाठी दिलासा योजना आणली. हे देणं अखेर सार्वजनिक पैशातून हलकं करावं लागलं.

कुणी म्हणेल, गोव्यातली बंदी कर्जामुळे आली नाही, बेकायदा उत्खननामुळे आली, त्याचा दोष कर्जाला कसा द्यायचा? दोष कर्जाचा नाहीच. तरीही हक्क काढून घेतला जाऊ शकतो हा धोका या साखळीतल्या प्रत्येक कर्जात पहिल्या दिवसापासून होता. मोठ्या कंपनीने तो इतर धंद्यांत आणि इतर देशांत विखुरला, तिच्याकडे तेल होतं, जस्त होतं, अ‍ॅल्युमिनियम होतं. ट्रकवाल्याने तो सगळाच्या सगळा अंगावर घेतला, आणि आपण घेतला आहे हे त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. त्याच्या कर्जाच्या कागदावर खाणपट्ट्याची मुदत २००७ मध्ये संपते असा उल्लेख असण्याची शक्यता किती? पण कर्ज देणाऱ्या बँकेला ते तपासता आलं असतं.

हिशेबातलं शेवटचं देणं

खाणीवर एक देणं असं असतं ज्याचा सावकार समोर नसतो. खड्डा भरायचा किंवा निदान सुरक्षित करायचा, डंपांचे उतार बांधायचे, पाणी साफ करायचं. ताळेबंदात ते ‘तरतूद’ या नावाने येतं. किती वर्षांनी किती खर्च येईल याचा अंदाज करून त्याची आजची किंमत लिहितात. खर्च तीस वर्षांनी असेल, तर आजचा आकडा अगदी किरकोळ होतो. आणि तरतूद म्हणजे बाजूला काढून ठेवलेली रोकड नव्हे, ती हिशेबातली नोंद असते. कर्ज, व्याज, लाभांश यांना तारखा आहेत. या देण्याची तारीख खाण बंद होते ती, म्हणजे कंपनीकडे त्या खाणीतून एक पैसा येणं थांबतं ती.

अमेरिकेत पीबॉडी दिवाळखोरीत गेली तेव्हा हा प्रश्न धारदार झाला. वायोमिंगसारखी राज्यं धडधाकट कंपन्यांना भूमी-पुनर्भरणासाठी स्वतःच्याच शब्दावर हमी देऊ देत. त्रयस्थाची हमी नाही, रोकड नाही, कंपनीची पत हीच हमी. पीबॉडीची अशी स्वहमी १०० कोटी डॉलरहून अधिक रकमेची होती, आणि ज्या दिवशी तिची गरज पडली त्याच दिवशी ती पोकळ ठरली. शेवटी २०१७ मध्ये दिवाळखोरीतून बाहेर पडताना कंपनीला त्रयस्थांची हमी आणावी लागली. कंपनी टिकली म्हणून निभावलं.

आपल्या नियमांत वित्तीय हमी लागते. कोळसा वगळता इतर खनिजांसाठी २०१७ च्या नियमावलीत ‘अ’ वर्गातल्या खाणीला वापरातल्या हेक्टरी तीन लाख रुपये असा दर होता, २०२१ मध्ये तो पाच लाख झाला. भूजलाच्या खाली गेलेला खड्डा आणि त्याच्या कडेचा डंप एक हेक्टरभर सावरायला पाच लाख पुरतील असं डिचोलीचा परिसर पाहणाऱ्या कुणालाही वाटणार नाही. पिसुर्ले, मुळगाव, अडवलपाल इथल्या शेतकऱ्यांनी भातशेतात आलेल्या खाणीच्या गाळाबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत. तो गाळ काढण्याचा खर्च कुठल्या रोखेधारकाच्या करारात नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे, की हे देणं रांगेत पहिलं यावं. खाण बंद करण्याचा खरा खर्च त्रयस्थाकडून काढून घ्यावा, दर टनामागे त्याचा वाटा कंपनीच्या बाहेरच्या, तिच्या धनकोंना हात लावता येणार नाही अशा न्यासात जमा व्हावा, आणि तो वाटा भरल्याशिवाय लाभांश वाटता येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विक्रीच्या दहा टक्के रक्कम गोवा लोहखनिज स्थायी निधीत टाकायला सांगितलं, तेव्हा खाणीच्या पैशातून आधी काही बाजूला काढता येतं हे मान्य झालंच होतं. यावर खाणचालकांचं उत्तर ठरलेलं आहे. लिलावात ६३ टक्के, ९९ टक्के बोली लावल्यावर आणखी भार कसा सोसायचा? पण डिचोलीशेजारच्या शिरगाव-मये ब्लॉकला २०२२ च्या लिलावात ९९.२५ टक्क्यांची बोली आली होती, ती कुणी बळजबरीने लावून घेतली नव्हती. बंद करण्याचा खर्च आधीच ठरलेला आणि बाजूला निघणारा असेल, तर बोली लावणारा तो वजा करूनच बोली लावेल. सरकारचा महसूल थोडा घटेल, रोखेधारक व्याज थोडं जास्त मागतील. आज तो फरक मुळगावचा भात पिकवणारा माणूस भरतो आहे.